सावधान, चार आवाजांत

३ ऑगस्ट, रविवार. सायं. ६.१०
…तीच ओळ तिसऱ्यांदा म्हणून दाखवली आणि चन्नवीरने तिसऱ्यांदा मोबाइल माझ्या तोंडापुढे धरला. सूर मोजायचं अ‍ॅप. बरोबर लागला तर हिरवं, चुकला तर लाल. लाल झालं. मी सांगितलं की अ‍ॅप परदेशी आहे, त्याला आपला गळा माहीत नाही. मग यशपाल गायला. हिरवं. त्याची बहीण बुद्धप्रिया गायली. हिरवं. तेव्हा मोबाइलची बॅटरी अकरा टक्के होती. नोंद असावी.

बँड स्थापन होऊन आज चौदा दिवस. ही वही कोणी वाचायची नाही, पण इतिहास कुठेतरी नीट लिहिलेला असावा. माणसं चार. मी, गोपाळ: संस्थापक आणि मुख्य आवाज. चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच क्लार्क (तात्पुरता. सतरा वर्षं). यशपाल: त्याच कारखान्यात टॉवेल तपासतो. खालचा आवाज. बुद्धप्रिया: बँकेत. वरचा आवाज. दोघं लहानपणापासून वडिलांच्या भीमगीतांच्या पार्टीत गायलेली. चन्नवीर: सात रस्त्याला मोबाइल दुरुस्तीचं दुकान. गिटार आणि मधला आवाज. चार जणांनी एकाच वेळी चार वेगळे सूर लावायचे आणि ऐकणाऱ्याला एकच गाणं ऐकू यायचं. याला हार्मनी म्हणतात. सोलापुरात हे कोणी करत नाही.

बायकोला, शकूला, हे सांगितलं. ती शाळेतल्या मुलांच्या वह्या तपासत होती. मान वर न करता म्हणाली, कारण असेल.

५ ऑगस्ट, मंगळवार
बँडचं नाव ठरवलं. 'उभे-आडवे'. मागावर उभे धागे असतात, आडवे धागे असतात, त्यांचं कापड होतं. सोलापूरच्या बँडला याहून चांगलं नाव असूच शकत नाही. बुद्धप्रियाने विचारलं, शब्दकोडं आहे का. चन्नवीर म्हणाला, नाव लई भारी हाय की अण्णा, पण उभं कोण आणि आडवं कोण ते आधी ठरवा. नवीन गोष्टीला लोक हसतातच.

आजपासून: थंड पाणी बंद, तळलेलं बंद, शेंगाचटणी बंद, पहाटे पाचला उठून खर्जाचा रियाज.

६ ऑगस्ट, बुधवार
पाचला उठलो नाही. गळ्यालाही झोप लागते. रात्री भाकरीबरोबर शेंगाचटणी घेतली. तेलाने आवाज मोकळा होतो.

१२ ऑगस्ट, मंगळवार. जेवणाची सुट्टी
माझा 'सा' कुठून येतो हे कोणाला ठाऊक नाही. आज लिहून ठेवतो. शेड नंबर दोनमधल्या मागांच्या मोटरींची घरघर. सतरा वर्षं ऐकतोय. ती डोक्यात अखंड चालू असते, सुट्टीच्या दिवशीसुद्धा. मला तानपुरा लागत नाही. अ‍ॅप तर लागतच नाही.

यशपालला विश्वासात घेऊन सांगितलं. तो थोडा वेळ डब्यातली भाकरी मोडत बसला. मग म्हणाला, दादा, त्या मोटरी जूनमध्ये रिवाइंड केल्या की. आता आधीसारख्या बोलत न्हाईत. मी म्हणालो, मोटरी बदलल्या असतील, मी बदललेलो नाही. तो म्हणाला, तेच म्हणायलोय.

२४ ऑगस्ट, रविवार
पहिलं स्वतःचं गाणं तयार. शब्द माझे, चाल माझी. 'मी टॉवेल नाही, मी वारा आहे.' चन्नवीरने विचारलं, टॉवेल कोण म्हणालं होतं. त्याला रूपक समजावून सांगितलं. दुसऱ्या कडव्यात बुद्धप्रियाने माझ्यासाठी एक जागा सुचवली. तिथे मी काहीच गायचं नाही, फक्त टाळी द्यायची. तिला म्हटलं, टाळी कोणीही देईल.

३१ ऑगस्ट, रविवार
पहिला कार्यक्रम. आमच्याच सोसायटीचा गणपती. जुळे सोलापुरातल्या चार तरी सोसायट्यांना आवाज गेला असेल. वेळ: मुलांची वेशभूषा स्पर्धा आणि आरती यांच्या मधली. गाणी तीन ठरली होती, दीड झालं. सेक्रेटरी रेवणप्पा मंचावर आले, आरतीचं तबक माझ्या हातात दिलं आणि घंटा वाजवायला लागले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. धूपही बराच होता.

पहिल्या रांगेतल्या आजोबांनी श्रवणयंत्र काढून खिशात ठेवलं. त्यांना नैसर्गिक आवाज ऐकायचा असणार. जाणकार माणूस.

शकू मागे उभी होती. घरी आल्यावर तिला विचारलं, कसं झालं. ती म्हणाली, ती मुलगी फार गोड गाते हो. मी म्हटलं, ती माझ्या आधारावर गाते. शकू म्हणाली, आधार जरा बाजूला झाला तर बघायला हवं.

२८ सप्टेंबर, रविवार
दुसरा कार्यक्रम. चन्नवीरच्या दुकानाला आठ वर्षं झाली त्यानिमित्त, सात रस्त्याला, फुटपाथवर. जागा मी निवडली. कारण सिग्नल. लाल आहे तोवर प्रेक्षक जागचा हलू शकत नाही. यंत्राच्या लाल रंगाचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला.

पाऊण तास गायलो. शेवटी हवालदार आले आणि नमस्कार करून म्हणाले, साहेब, आवरा की आता, लोकांना हॉर्न ऐकू येईनात. पाऊण तासात सात रस्त्याचे हॉर्न हरवले. हे छापून यायला हवं होतं.

जाता जाता: माझा माईक मधली दोन गाणी बंद होता, हे मागाहून कळलं. नेमकी त्याच दोन गाण्यांना गर्दी जमली. दुचाक्या बाजूला लावून लोक उभे राहिले. एका बाईंनी भाजीची पिशवी खाली ठेवली. म्हणजे माईक नसतानाही माझा आवाज रस्ता ओलांडतो. सिद्ध झालं.

५ ऑक्टोबर, रविवार. सायं. ७
दगा.

चन्नवीरच्या दुकानात चहाला बोलावलं होतं. तिघं आधीच येऊन बसलेली. चहात साखर जास्त होती, तेव्हाच ओळखायला हवं होतं. चन्नवीर काउंटरमागे एका मोबाइलचे स्क्रू काढत बसला. यशपाल भिंतीकडे बघत होता. शेवटी बुद्धप्रियाच बोलली. म्हणाली, काका, तुम्ही नसता तर हा बँड झालाच नसता. मग म्हणाली की बँडला मॅनेजर नाही, आणि चार माणसांशी बोलणं, कार्यक्रम ठरवणं हे तुमच्याइतकं कोणाला जमत नाही. मी म्हणालो, करतो की, गाऊन झाल्यावर करतो. ती म्हणाली, गाण्याऐवजी.

चन्नवीरचा एक स्क्रू खाली पडला. तो शोधायला तिघंही वाकली.

मी उभा राहून सांगितलं. बँड मी काढला. नाव मी दिलं. आवाज चार ठरले होते, चारच राहतील. तीन आवाजांचा बँड मला काढायचा असता तर तीनच माणसं गोळा केली असती. आणि तसं असेल तर एक परीक्षा घ्या. पुढचा कार्यक्रम बिघडला, तर गोपाळ आपण होऊन माईक खाली ठेवील. नीट पार पडला, तर हा विषय पुन्हा निघणार नाही. रिचार्जच्या पावतीमागे तसं लिहिलं आणि सही केली. यशपाल म्हणाला, सही कशाला दादा, तोंडानं सांगितलं तरी पुरे की. मी म्हटलं, माझ्या तोंडावर तुमचा विश्वास नाही, हाच तर मुद्दा आहे.

पावती पाकिटात ठेवली.

६ ऑक्टोबर, सोमवार
पाचला उठलो. खर्ज लावला. शकू म्हणाली, गॅलरीत जाऊन लावा, म्हणजे शेजारच्यांना कळेल तो आवाज माझा नाही ते.

२३ ऑक्टोबर, गुरुवार. भाऊबीज
ताईकडे गेलो. देवयानीचं लग्न ठरलंय, तीस नोव्हेंबर. मुलगा आशिष, पुण्यात नोकरीला. देवयानी माझी एकुलती एक भाची. तिला पहिली सायकल मी शिकवली. (पडली, पण शिकली.)

ओवाळून झाल्यावर ताईला विचारलं, ओवाळणीत काय हवं. ती म्हणाली, मिक्सर. मी तिला मंगलाष्टकं दिली. स्वतः रचलेली, चार आवाजांत, बँडसह. सोलापुरात कुठल्या मुलीच्या लग्नात हार्मनीत मंगलाष्टकं झाली आहेत? ताईचा चेहरा बदलला. देवयानी मात्र उडालीच. म्हणाली, मामा, खरंच? बुद्धप्रियाताई पण? मग ताईला नाही म्हणता येईना.

पुढचा कार्यक्रम ठरला. परीक्षा घरच्याच मांडवात.

९ नोव्हेंबर, रविवार
मंगलाष्टकं रचतोय. पाच कडवी. जुन्या मंगलाष्टकांत गंगा, यमुना, गोदावरी असतात. मी सीना आणि भीमा घातल्या. तिसऱ्या कडव्यात देवयानीचं शिक्षण घालायचं आहे, पण 'बी. फार्म.' कुठेच बसत नाही. शकू म्हणाली, वृत्त मोडतंय. मी म्हणालो, हे रॉक आहे. ती म्हणाली, मग दगडावरच लिहा.

१६ नोव्हेंबर, रविवार
गच्चीवर तालीम. आज सुचलेली गोष्ट मी कधी विसरणार नाही. कडव्याच्या शेवटचं 'सावधान' सगळ्यांनी एकदम म्हणायचं नाही. आधी मी. मग खालून यशपाल. मग चन्नवीर. मग सगळ्यांच्या वर बुद्धप्रिया. एकामागून एक, डोंगरात हाक फिरावी तसं. करून बघितलं. पाण्याच्या टाकीवरची कबुतरं उडाली. कबुतरांना दाद देण्याची दुसरी रीत नाही.

बुद्धप्रियाने विचारलं, काका, तुमच्यात सावधान म्हटलं की लोक अक्षता टाकतात ना? मग चार वेळा म्हटलं तर ते किती वेळा टाकतील? आमच्याकडे फुलं असतात, ती एकदाच. मी हसलो. म्हटलं, आमच्या लग्नातलं मी बघतो, तू तुझा सूर बघ. ती वहीत बघायला लागली. यशपाल जिन्यापर्यंत गेला आणि परत आला.

२९ नोव्हेंबर, शनिवार
उद्या. सगळं तयार. मला दोन कामं. मामा म्हणून देवयानीला आतून घेऊन यायचं आणि तिच्या पाठीशी उभं राहायचं. आणि तिथूनच, बिनवायरच्या माईकवर, मुख्य आवाज. बाकी तिघं वाजंत्रीवाल्यांच्या शेजारी. मुहूर्त १२.४१. गुरुजींशी बोलून ठेवलं: साडेबाराला सुरू करायचं, पाचवं कडवं बरोबर मुहूर्तावर संपेल. घड्याळ लावून तीनदा गाऊन पाहिलं आहे. गुरुजी म्हणाले, बघा बुवा, मुहूर्त माझ्या नावावर जातो.

थंड पाणी नाही. तळलेलं नाही. पावती पाकिटात आहे. उद्या फाडणार.

३० नोव्हेंबर, रविवार. स. ११.५०
मंगल कार्यालय भरलं. सहाशे माणूस. गळा उत्तम. फक्त दोन भजी.

३० नोव्हेंबर. दु. ४.१५
जसं झालं तसं लिहितो. स्वतःची बाजू घेणार नाही.

१२.३०ला सुरू केलं. पहिलं कडवं चांगलं गेलं. मी सावधान म्हणालो. सहाशे माणसांनी अक्षता टाकल्या. यशपाल खालून सावधान म्हणाला. त्यांनी पुन्हा टाकल्या. चन्नवीर. पुन्हा. बुद्धप्रिया. पुन्हा. दुसऱ्या कडव्याच्या शेवटी मागच्या रांगांच्या मुठी रिकाम्या झाल्या. माणसं सतरंजीवरच्या वेचून टाकायला लागली. एका आजींनी पर्समधून बडीशेप टाकली.

एक गोष्ट मला माहीत असायला हवी होती. आपल्याकडचा माणूस मंगलाष्टकं ऐकत नाही. सावधान मोजतो. पाच-सहा झाले की तो पायाने चपला चाचपायला लागतो. आमचे तिसऱ्या कडव्याला बारा झाले. वाजंत्रीवालाही मोजतो. बाराव्याला त्याने सनई तोंडाला लावली. सनई ऐकून अंतरपाट धरणाऱ्या दोघांनी अंतरपाट ओढला. देवयानीच्या समोर आशिष हार घेऊन उभा, तिने त्याच्या गळ्यात घातला. १२.३५.

मी चौथं कडवं सुरू केलं. थांबणं माझ्या स्वभावात नाही. सनईवर मात केली असती, पण समोर कोणी उरलं नव्हतं. सगळे पंगतीला.

गुरुजी जवळ आले. हळूच म्हणाले, मामा, मुहूर्त अजून मागेच आहे, तुम्ही पुढे गेलात. नवऱ्या मुलाच्या आईने हे ऐकलं आणि ती खुर्चीत बसली. म्हणाली, आता हे लग्न कुठल्या वेळेचं धरायचं? देवयानीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. धूप नव्हता. ताई आली. मला वाटलं ओरडेल. ती एवढंच म्हणाली, मी मिक्सर सांगितला होता.

गुरुजी शहाणे. म्हणाले, चार मिनिटं आहेत. हार काढा, अंतरपाट धरा, एक कडवं म्हणू आणि वेळेवर लावू. जेवढी माणसं आहेत तेवढी पुरेत. पण अक्षता? मग त्यांनी माईकवरून नेहमीच्या आवाजात सांगितलं: मुलीचे मामा, अक्षता घेऊन या.

मी पळालो. मागे स्वयंपाकघर. निंगप्पा आचारी कढईपाशी. त्याला तांदूळ मागितले. तो म्हणाला, भिजवले की वो सगळे. कोरडे द्या म्हटलं तर विचारतो, किती पानांचे? शेवटी फळीवर बासमतीचा एक डबा सापडला. हळद टाकली. कुंकू कुठे मिळेना. दोन्ही हातांनी चोळत होतो, तेव्हा बाहेर त्यांनी सुरू केलं.

माझंच पहिलं कडवं. सीना आणि भीमा. तिघंच. भांडी घासणारी बाई थांबली. निंगप्पाने गॅस बारीक केला आणि झारा हातात धरून उभा राहिला. खालचा आवाज जमिनीसारखा. मधला. वरचा. आणि तिन्ही मिळून एक. हेच मी जुलैपासून सांगत होतो. चौथा आवाज नव्हता, तेव्हा त्याची जागा रिकामी ऐकू यायला हवी होती. मी कान देऊन ऐकलं. रिकामी जागा कुठेच सापडली नाही.

सावधान तिघांनी एकदम म्हटलं. एकदाच.

डबा घेऊन पोचलो तेव्हा लग्न लागलं होतं. १२.४१, मुहूर्तावर. चाळीस-पन्नास माणसं असतील. त्यांच्या हातांत झेंडू. बुद्धप्रियाने कमानीवरच्या माळा उतरवून पाकळ्या वाटल्या होत्या. गुरुजी म्हणाले, फुलाला कोण नाही म्हणतं? देवयानीच्या पाठीशी माझ्या जागेवर शकू उभी होती.

मी डबा खाली ठेवला. तो कोणीतरी पुन्हा स्वयंपाकघरात नेला.

३० नोव्हेंबर. सायं. ६.३०
शांतपणे विचार केला. पावतीवर शब्द असे आहेत: कार्यक्रम नीट पार पडला, तर विषय पुन्हा निघणार नाही. लग्न नीट पार पडलं. एकदा नव्हे, दोनदा. म्हणजे मी जिंकलो.

जाताना आशिषच्या काकांनी चन्नवीरकडे नंबर मागितला. त्यांच्याकडे जानेवारीत एक लग्न आहे. चन्नवीरने त्यांना सांगितलं, कार्यक्रमाचं गोपाळअण्णांशी बोला. काकांनी माझ्याकडे बघून विचारलं, हे पण गातात का? चन्नवीर गिटार पिशवीत भरायला लागला. माझ्या तोंडात बुंदी होती.

उद्या कंपनीच्या बसमध्ये यशपालला स्पष्ट सांगणार की मी गाणारच. चुका होतात. बारा 'सावधान' ही चूक नाही, प्रयोग आहे. पुढच्या लग्नात लोकांना आधी सूचना द्यायची आणि अक्षता चौपट. शकूला हे वाचून दाखवलं. तिने माझा हात हातात घेतला आणि बघत बसली. म्हणाली, हळद लिंबानं जाते. आणि म्हणाली, ताईंना मिक्सर मी परवाच पाठवलाय.

१ डिसेंबर, सोमवार. सकाळ
यशपाल बसमध्ये खिडकीशी बसून गुणगुणत होता. कालचंच कडवं. त्याने पिशवी उचलून मला जागा दिली. मी बसलो. त्याच्या सुरात सूर मिळवला. तो थांबला.

चिंचोळी आली. गेटवर पाकिटातली पावती काढून त्याला दिली. तो म्हणाला, राहू दे की दादा. मी म्हटलं, ठेव, आणि आशिषच्या काकांना फोन मी करतो. तीन माईक लागतील म्हणून सांगतो.

हात अजून पिवळे होते. शेड नंबर दोनच्या मोटरी सुरू झाल्या. दारात उभा राहून ऐकल्या. आधीसारख्या बोलत नाहीत.